कुजायचं राहून गेलं

गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्या कुणालाही कोकोपीट ठाऊक असतं. दाबून केलेली तपकिरी वीट आणायची, बादलीतल्या पाण्यात टाकायची, तासाभरात ती फुगून घमेलंभर होते. नारळाच्या सोडणाचा तो भुसा, तेव्हा नावातलं ‘कोको’ कुठून आलं हे सांगायला नको. पण ‘पीट’ म्हणजे काय, असं विचारलं की नर्सरीवाला ‘खतासारखंच काहीतरी’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

वनस्पती तुपात जितकं तूप असतं, तितकंच कोकोपीटमध्ये पीट असतं. म्हणजे मुळीच नसतं. खरं पीट थंड देशांतल्या दलदलींतून खणून काढतात. युरोपातले बागवान ते कुंड्यांत भरत आले. त्याला पर्याय म्हणून नारळाचा भुसा पुढे आला आणि ज्याची जागा घेतली त्याचंच नाव त्याला चिकटलं. आपली आणि पीटची एक जुनी ओळखही आहे. शाळेच्या भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ केले होते, त्यात ‘पीट’ सगळ्यात खालच्या पायरीवर होतं. ‘कमी प्रतीचा कोळसा’ एवढं लिहून आपण दोन गुण मिळवले आणि विसरून गेलो.

आता तेच पीट हवामानबदलाच्या बातम्यांत येतं. ‘या दलदलीत जंगलापेक्षा जास्त कार्बन साठला आहे’ अशी ओळ वाचून कुणालाही प्रश्न पडेल, की झाड डोळ्यांना दिसतं, त्याचं लाकूड हाताला लागतं, पण चिखलात कार्बन साठतो म्हणजे नेमकं काय होतं?

१. कुजणं म्हणजे सावकाश जळणं

पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातल्या कार्बनपासून झाडाचं अंग बनतं. वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं. ते लाकूड चुलीत घातलं की कार्बन तासाभरात हवेत परत जातो. रानात पडून राहिलं तर बुरशी, जंतू, वाळवी त्यावर जगतात आणि आपल्यासारखेच श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात. चुलीत तास लागतो, रानात काही वर्षं लागतात, हिशेब एकच.

म्हणून जुनं, वाढ पूर्ण झालेलं जंगल महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरासारखं असतं. आवक मोठी, पण जावकही जवळजवळ तेवढीच. शिल्लक दिसते ती खोडांत आणि थोडीफार मातीत. दलदलीतल्या पीटचं घर वेगळं आहे. आवक तुटपुंजी, कारण तिथे उगवतं ते शेवाळ, खुरटं गवत, चार झुडपं. पण खर्च त्याहूनही कमी. मेलेलं पुरतं कुजतच नाही. दरवर्षी चिमूटभर शिल्लक पडते आणि हा काटकसरीचा संसार काही हजार वर्षं मोडत नाही.

इथे आपल्याकडचा वाचक अडवून विचारेल, की आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग तिथे पीटचे थर का नाहीत? कारण तो सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारांवरून, जांभ्याच्या भोकांतून निघून जातो. मार्चपर्यंत सडा इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. पुढे पावसाळा येईपर्यंत कुजवणाऱ्यांना मोकळं रान. पाऊस किती पडला याचं पीटला फारसं अप्रूप नाही. पाणी बारा महिने जागेवर थांबलं पाहिजे. तरी एक खूण दोन्हीकडे सारखी सापडते. कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसणारी दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती आहे ना, तिची भावंडं युरोपातल्या पीटच्या दलदलींतही असतात. जमिनीत पोषण नसलं की वनस्पतीला शिकारीला निघावं लागतं.

२. बरणीवरचं तेल

लोणच्याच्या बरणीत आजी वर चार बोटं तेल राहू देते. तेलाखाली हवा पोचत नाही, आत मीठ आणि आंबटपणा जंतूंना डोकं वर काढू देत नाहीत, आणि कैरीची फोड वर्षभर टिकते. एखादी फोड तेलाच्या वर डोकावली तर बुरशी धरते ती नेमकी तिथेच.

पीटच्या दलदलीत तेलाचं काम पाणी करतं. साचलेल्या पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. वरच्या थोड्या थरातले जंतू असेल तेवढा वापरून टाकतात, खाली काहीच उरत नाही. दुसरं काम स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचं. याला मुळं नसतात. स्पंजासारखं ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापूस कमी पडला तेव्हा सैनिकांच्या जखमांवर हेच शेवाळ बांधत होते. हे शेवाळ पाण्यातले क्षार स्वतःकडे ओढतं आणि बदल्यात आम्ल सोडतं, त्यामुळे भोवतालचं पाणी आंबट ताकासारखं होतं. म्हणजे पाण्याचं झाकणही तेच धरून ठेवतं आणि बरणीत आंबटही तेच घालतं.

तिसरं कारण मला सगळ्यात सुंदर वाटतं. हिरडा किंवा सुपारी चावल्यावर जीभ आखडते ती त्यातल्या तुरट द्रव्यांमुळे. मेलेल्या शेवाळातून आणि पाल्यातून अशी द्रव्यं पीटमध्ये जमा होतात, आणि ती कुजवण्याचं काम करणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, लुळं करतात. ही तुरट द्रव्यं मोडून काढणारं एक विकर आहे खरं, पण त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नाही म्हणून ते स्वस्थ बसतं, ते स्वस्थ म्हणून तुरट द्रव्यं शिल्लक, आणि ती शिल्लक म्हणून बाकीचे सगळे लुळे. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हे मांडलं तेव्हा त्याला ‘कडी’ म्हटलं. एवढ्या प्रचंड कोठाराच्या दाराला आतून एकच बारीक कडी.

या बरणीचा पक्का पुरावा १९५० साली डेन्मार्कमध्ये सापडला. सिल्केबोर्गजवळ जळणासाठी पीट खणणाऱ्यांना खाली माणसाचा चेहरा दिसला. दाढीचे खुंट, मिटलेले डोळे, डोक्यावर कातड्याची टोपी, गळ्यात फास. खून ताजा वाटला, म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं. खून झालेला असेलही, पण सुमारे २४०० वर्षांपूर्वी. पोटात शेवटच्या जेवणाची पेज होती, जवाची आणि जवसाची. आपल्याकडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडं कमावतात, तसंच काहीसं दलदलीने या ‘टोलुंड मॅन’चं केलं होतं. ज्याने माणसाच्या पापण्या टिकवल्या, त्याने शेवाळाचं पान टिकवलं तर नवल नाही.

३. एका गुंठ्याचा हिशेब

आकडे थोडे हाताळून पाहू. पीट वर्षाला साधारण अर्धा ते एक मिलिमीटर वाढतं. अर्धा धरू. म्हणजे एक मीटर थराला दोन हजार वर्षं. सातवाहनांच्या काळात पडलेलं शेवाळ आज मीटरभर खाली असेल. ओलं पीट जवळजवळ पाणीच असतं. पाणी वजा केलं तर एक घनमीटरात शंभर किलोच्या आसपास कोरडा ऐवज, त्यात निम्मा कार्बन, म्हणजे ५० किलो.

आता गुंठा घ्या, सोयीसाठी १०० चौरस मीटर. वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढ म्हणजे वीसाव्या हिश्श्याचा घनमीटर, कार्बन अडीच किलो. अख्ख्या गुंठ्याने वर्षभर राबून अडीच किलो! बांधावरचा आंबाही हसेल. पण त्याच गुंठ्यात मीटरभर खोलीपर्यंत पाच हजार किलो कार्बन आहे. आणि कित्येक ठिकाणी पीट पाच-सहा मीटर खोल जातं.

जगातल्या सगळ्या जमिनीपैकी फक्त ३ टक्के जमीन अशी आहे. तरी तिच्यात साठलेला कार्बन ५०० ते ६०० अब्ज टनांच्या घरात धरला जातो, जगभरच्या झाडांत मिळून जेवढा आहे त्याच्या सुमारे दुप्पट. झाडं मोजायची आपल्याला सवय आहे, वृक्षारोपणाचे फोटोही छान येतात. ओल्या, चिखलट, डासांनी भरलेल्या जागेचा फोटो कोण काढणार?

४. कुठे कुठे

पश्चिम सायबेरिया, कॅनडातला हडसन उपसागराचा काठ, स्कँडिनेव्हिया, आयर्लंड, स्कॉटलंड ही जुनी घराणी. आयर्लंडमध्ये पीटच्या विटा कापून उन्हात रचून वाळवतात, थेट आपल्या गोवऱ्यांसारख्या. उष्ण प्रदेशात शेवाळाऐवजी झाडांचं पीट बनतं. पाण्यात उभ्या जंगलाची मुळं, फांद्या, पानं दबत जातात. इंडोनेशियात अशी प्रचंड पीटभूमी आहे.

आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्यातली तर अगदी आत्ता नकाशावर आली. ग्रेटा डार्गी, सायमन लुईस आणि काँगोतले त्यांचे सहकारी पाण्यातून, चिखलातून चालत ठिकठिकाणी सळ्या खुपसून खोली मोजत गेले. २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं, की इथे सुमारे १,४५,००० चौरस किलोमीटर पीट आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यात ३० अब्ज टन कार्बन. उपग्रहाला वरून नुसतं जंगल दिसत होतं.

आपल्याकडे निलगिरीच्या माथ्यावर, शोलावनं आणि गवताळ टेकड्यांमधल्या खोलगट जागांत पीट आहे. क्षेत्र किरकोळ, किंमत मोठी. रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी तिथले थर वरून खाली तपासले. कोरड्या काळात फोफावणारी गवतं आणि ओल्या काळात पसरणारी झाडं हवेतला कार्बन किंचित वेगळ्या पद्धतीने घेतात आणि त्याची खूण पीटमध्ये राहते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामातून सुमारे वीस हजार वर्षांतल्या मोसमी पावसाचे चढउतार वाचता आले. न कुजलेला पाला म्हणजे जुनी रोजनिशी.

५. तेल उतरलं की

इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळच्या होल्म फेन इथे १८५१ साली एक मोठं तळं उपसून शेती काढली. जमीन किती खचते ते पाहायला पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत लोखंडी खांब ठोकला, टोक जमिनीशी बरोबर सपाट. दहा वर्षांत खांब जवळजवळ दीड मीटर वर आला होता. आज त्याचं टोक चार मीटर उंचावर आहे, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहावीत एवढं. खांब हलला नाही, जमीन खाली गेली. पाणी गेल्यावर आधी पीट वाळक्या स्पंजासारखं दबलं, आणि मग हवा शिरल्याने कुजू लागलं. त्याचा मोठा भाग आज हवेत आहे.

गुंठ्याचा हिशेब इथे पुन्हा लावू. समशीतोष्ण देशांत पाणी काढून नांगरलेली पीटभूमी हेक्टरी वर्षाला सात-आठ टन कार्बन गमावते. गुंठ्याला ७५ किलोच्या आसपास. साठत होते अडीच किलो. एका हंगामासाठी तीस वर्षांची पुंजी. उष्ण प्रदेशात हा वेग आणखी जास्त.

सगळ्यात महाग धडा इंडोनेशियाने घेतला. देश भातात स्वयंपूर्ण राहावा म्हणून सुहार्तो सरकारने १९९५-९६ मध्ये बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमांतानात दहा लाख हेक्टर पीटभूमीवर भात पिकवायचं ठरवलं. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जाऊन परत यावं आणि पुन्हा दिल्लीला जावं, एवढी ती लांबी. कालवे म्हटलं की आपल्याला पाणी आणणारे आठवतात. हे पाणी घालवणारे होते. आंबट, निःसत्त्व जमिनीत भात काही आला नाही. बरणी मात्र उघडी पडली. १९९७ मध्ये एल निनोमुळे दुष्काळ पडला आणि आगी लागल्या.

पीटची आग गोवरीसारखी. ज्वाळा फारशी नाही, आत धग, वर दाट धूर. जमिनीखालून ती सरकत जाते, इकडे विझवली की तिकडे निघते. सायबेरियात आणि कॅनडात अशा काही आगी बर्फाखाली हिवाळा काढतात आणि वसंतात पुन्हा डोकं वर काढतात. राखेखालचा विस्तव सकाळी फुंकर घालून पेटवायचा, ही युक्ती दलदलीलाही येते. इंडोनेशियात १९९७ च्या आगींतून ०.८ ते २.६ अब्ज टन कार्बन हवेत गेला असा अंदाज सुसान पेज आणि सहकाऱ्यांनी मांडला. जगात वर्षभरात कोळसा, तेल, गॅस जाळून जेवढा कार्बन निघत होता, त्याच्या १३ ते ४० टक्के. २०१५ साली पुन्हा २६ लाख हेक्टर जळलं आणि सिंगापूरपर्यंत धुराने दिवस काळवंडले.

या कोरड्या केलेल्या जमिनीवर आता बऱ्याच ठिकाणी पाम तेलाच्या बागा आहेत. पाम तेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार भारत. आपल्या बिस्किटात, फरसाणात, साबणात ते असतं, पाकिटावर बारीक अक्षरांत.

६. आणि हवाच तापली तर?

इथवर माणसाने फावडं घेऊन बरणी उघडल्याची गोष्ट झाली. कुणी हात लावला नाही, नुसतं तापमान वाढलं, तर? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, कारण ऊब दोन्ही पारड्यांत पडते. उन्हाळा लांबला तर उत्तरेकडे शेवाळ आणि गवत जास्त दिवस वाढेल, म्हणजे आवक वाढली. पण कुजण्याचाही वेग वाढतो, आणि मुख्य म्हणजे बाष्पीभवनाने पाणी खाली जातं. तापमानाचा काटा बघताना पाण्याच्या पातळीकडे दुर्लक्ष झालं तर सगळं गणित चुकतं.

हे पारडं कुठे झुकतं ते पाहायला अमेरिकेत मिनेसोटातल्या एका दलदलीत शास्त्रज्ञांनी वरून उघडे, पारदर्शक भिंतींचे दहा मोठे कक्ष उभारले. आतली हवा आणि खोलवरची मातीही तापवली, कुठे थोडी, कुठे ९ अंशांपर्यंत. काही वर्षांतच दिसलं, की तापवलेली दलदल साठवायचं सोडून गमावू लागली, आणि जितकी ऊब जास्त तितका तोटा जास्त. तापलेल्या कक्षांत स्फॅग्नम मागे हटलं, झुडपं माजली. ज्याच्या जिवावर झाकण आणि आंबटपणा दोन्ही, तेच निघून चाललं.

काँगोने हा प्रयोग फार पूर्वीच करून ठेवला आहे. तिथल्या पीटमध्ये वरून खाली वय मोजत गेलं तर एके ठिकाणी हिशेबच तुटतो. साधारण साडेसात हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला थर अगदी पातळ, जुन्या वहीची पानं फाडून नेल्यासारखा. त्या काळात तिथला पाऊस कमी झाला होता. पाणी खाली गेलं आणि आधी साठलेलंही कुजून गेलं. पाऊस परतला तेव्हा पीट पुन्हा वाढू लागलं, पण गेलेलं परत आलं नाही.

उत्तरेकडे आणखी एक कुलूप आहे, गोठणीचं. तिथलं कित्येक ठिकाणचं पीट हजारो वर्षं बर्फासारखं घट्ट आहे. ते वितळून कोरडं पडलं तर कार्बन डायऑक्साइड निघतो आणि खचून पाण्याखाली गेलं तर मिथेन. लोणचं उघडं ठेवा की पाण्यात टाका, दोन्ही तऱ्हांनी नासणारच.

७. पाणी परत सोडलं तर

मिथेनचं नाव निघालं, तेव्हा एक आक्षेप पुढे येणारच. गोबरगॅसच्या टाकीत हवेविना जगणारे जंतू शेणातून मिथेन काढतात. दलदलीतही तेच करतात. डबक्यात काठी खुपसल्यावर येणारे बुडबुडे ते हेच. आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन, वजनाला वजन, कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. मग कालवे बुजवून दलदल पुन्हा ओली करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात नाही का?

नाही, आणि कारण दोघांच्या मुक्कामात आहे. मिथेन हा दंगेखोर पाहुणा आहे, पण दहा-बारा वर्षांत निघून जातो. कार्बन डायऑक्साइड शांत भाडेकरू, पण शतकानुशतकं खोली सोडत नाही आणि दरवर्षी नवा येऊन जुन्याशेजारी पथारी पसरतो. ओल्या दलदलीचा मिथेन एका पातळीवर येऊन थांबतो. कोरड्या पीटचा कार्बन डायऑक्साइड साठतच जातो. म्हणून थोडा मिथेन पत्करूनही पाणी परत सोडणं फायद्याचं, आणि जितकं लवकर तितकं बरं. फक्त पातळी जपावी लागते. जमिनीच्या जरा खाली पाणी असलं तर उत्तम, वर गुडघाभर तुंबलं तर मिथेन वाढतो.

इंडोनेशियाने २०१६ साली या कामासाठी वेगळी संस्था काढली. कालव्यांत लाकडाचे आणि मातीचे बंधारे घालायचे, एवढंच तंत्र. आपल्या वनराई बंधाऱ्यांची आठवण यावी असं. आयर्लंडमध्ये पीट खणण्यासाठीच जन्माला आलेल्या सरकारी कंपनीने, बोर्ड ना मोनाने, २०२१ मध्ये ते खणणं अधिकृतपणे थांबवलं.

आणि होल्मच्या त्या खांबाच्या भोवताली शेतजमिनी परत घेऊन पाणी वर आणण्याचं काम गेली वीसहून अधिक वर्षं चालू आहे. त्यातल्या काही शेतांवर वेगळाच प्रयोग आहे. जमीन कोरडी न करता, आहे त्या ओल्यातच पिकवायचं. पाणकणीस लावतात, त्याची लव कोटात भरायला आणि पाती घराच्या भिंतीत उबेसाठी घालायला कामी येतात. चिखलात पाय रोवून भात लावणाऱ्या कोकणी माणसाला यात काही अजब वाटणार नाही. शेजारच्या वाफ्यांत स्फॅग्नमची लागवड आहे. वर वाढलेलं तेवढं कापून घ्यायचं, खालचं पाण्यात राहू द्यायचं. कापलेलं शेवाळ कुंड्यांत भरता येतं, पीटऐवजी. नर्सरीत ते कोकोपीटच्या शेजारी येऊन बसेल तेव्हा त्याला काय नाव देतात ते बघायचं.